पाचवे भंते

बान ता खाम गावाला पाचवा भिक्खू मिळत नव्हता आणि त्यापायी बुआखामचं कापड ट्रंकेत पडून होतं.

चीवरदानाचा नियम साधा आहे. पावसाळ्याचे तीन महिने पाच भिक्खूंनी एकाच विहारात राहून वर्षावास पुरा केला, तर पावसाळा सरल्यावर त्या विहारात भिक्खूंच्या नव्या वस्त्राचं दान, म्हणजे कठिन चीवरदान, होतं. चार असतील तर होत नाही. चार भिक्खू आणि एक शिकाऊ श्रामणेर, चार भिक्खू आणि एक शहाणं कुत्रं, असला हिशेब चालत नाही. ता खामच्या विहारात कित्येक वर्षं चारच भिक्खू होते. गावातली तरणी पोरं सगळी बँकॉकला, नाहीतर समुद्राकाठच्या कारखान्यांत. तिथून तीन महिन्यांची रजा घेऊन डोकं भादरायला कोण येणार? म्हणून दर वर्षी सगळं गाव होड्यांत बसून नदीपलीकडच्या पाक हुआय गावाला जायचं, त्यांच्या मिरवणुकीत नाचायचं, त्यांच्या सभामंडपात मागच्या रांगेत बसायचं आणि त्यांच्या बायकांची बोलणी खाऊन परत यायचं.

"या बाई या! मागे जागा आहे. काय हो, तुमचे भंते मोजून झाले का यंदा?"

हे ऐकलं की बुआखामच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. तिने स्वतःच्या परसातला कापूस वेचून, स्वतः कातून, घराखालच्या मागावर चीवराचं पांढरं कापड विणलं होतं. जाड, घट्ट विणीचं, लांबच लांब. ता खामच्या अंगणात, ता खामच्या भंतेंच्या हातात ते द्यायचं, एवढीच तिची इच्छा होती. नदीपलीकडे नेऊन दे, पुण्य तेवढंच मिळेल, असं सगळ्यांनी सांगून झालं.

"पुण्य तेवढंच असेल, पण पाक हुआयवाल्यांची तोंडं तीच आहेत ना," बुआखाम म्हणायची. "दिलं तर आमच्या विहारात. नाहीतर मी मेल्यावर माझ्यावर घाला."

"मग लवकर मर बाई," शेजारची चानपेंग म्हणायची. "कापडाला कसर लागायच्या आत."

त्या वर्षी आषाढ पौर्णिमा जवळ आली तशी सरपंच उथायने विहारात बैठक बोलावली. पाचवा कोण, एवढाच प्रश्न. एकाचे गुडघे मांडी घालू देत नव्हते. एकाला ऐकू येत नव्हतं. एकाने प्रामाणिकपणे सांगितलं, की दारू सोडून त्याच्याच्याने तीन दिवस राहवणार नाही. मग सगळे छताकडे बघायला लागले. तेवढ्यात बायकांच्या बाजूने बुआखामचा आवाज आला.

"आमचा म्हातारा आहे की."

मग जो हशा उठला, त्याने मंडपाच्या आढ्यावरची कबुतरं उडाली.

कारण बुआखामचा म्हातारा म्हणजे बुनलाय. मासे धरण्यात त्याचा हात धरणारा नदीकाठी कोणी नव्हता आणि त्या माशांच्या गोष्टी सांगण्यातही नव्हता. वीतभर मासा संध्याकाळपर्यंत त्याच्या तोंडात हातभर व्हायचा आणि दुसऱ्या दिवशी होडीत मावायचा नाही. थाप मारताना त्याची डावी भिवई वर चढायची. ती बुआखामला लग्नाच्या आठवड्यातच कळली होती आणि तिने ती गुपित म्हणून जपली होती. त्यात संध्याकाळचं जेवण म्हणजे बुनलायचा जीव की प्राण. टोपलीभर चिकट भात, निखाऱ्यावर भाजलेला मासा, झणझणीत मिरचीचा ठेचा, आणि हे सगळं बुआखामने खाली ठेवायच्या आतच त्याचा हात टोपलीत. भिक्खूला तर दुपारी बारानंतर अन्नाचा कण चालत नाही.

"मी?" बुनलाय म्हणाला. "संध्याकाळी न जेवता? त्यापेक्षा मला नदीत सोडा."

घरी आल्यावर तो भांडायच्या तयारीतच जेवायला बसला.

"तुला माझ्यापासून तीन महिने सुटका हवीय. कळतं मला."

"हवीच आहे," बुआखाम म्हणाली. "वर पुण्य मिळतंय."

तो बराच वेळ खात राहिला. मग कोपऱ्यातल्या ट्रंकेकडे हनुवटी करून म्हणाला, "त्यात डांबरगोळ्या घातल्यास का?"

"घातल्यात."

"नवीन घाल. जुन्या झाल्या असतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कोणाला न सांगता विहारात गेला आणि थोरल्या भंतेंना म्हणाला, की मला पाठ करायला काय ते द्या. बुआखामला हे चानपेंगकडून कळलं. ती मागावर बसून राहिली, धोटा हातात तसाच. इतक्या वर्षांत या माणसाने आपल्याला धड एक गोड शब्द सांगितला नाही, आणि आज संध्याकाळचं जेवण सोडायला निघाला. तिला रडू आलं आणि रडू आल्याचा रागही आला.

दीक्षेच्या दिवशी सगळं गाव लोटलं. दीक्षेत उमेदवाराला पाली भाषेत प्रश्न विचारतात. आधी रोगांचे. अमुक रोग आहे का, तमुक आहे का? त्याला 'नत्थि भंते', म्हणजे नाही, असं म्हणायचं. मग पुढचे. माणूस आहेस का, पुरुष आहेस का? त्याला 'आम भंते', म्हणजे हो. कधी काळी एका नागाने माणसाचं रूप घेऊन दीक्षा घेतली होती, तेव्हापासून हे विचारून घेतात. बुनलायने सगळं चोख पाठ केलं होतं, पण रोगांना नाही नाही म्हणता म्हणता त्याची गाडी थांबेना.

"मनुस्सोसि?" थोरल्या भंतेंनी विचारलं. माणूस आहेस का?

"नत्थि भंते!" बुनलाय खणखणीत आवाजात म्हणाला.

मंडप कोसळायचा बाकी राहिला. चानपेंग डोळे पुसत म्हणाली, "बुआखामताई, तू इतकी वर्षं हेच सांगत होतीस. आम्हीच विश्वास ठेवला नाही."

थोरल्या भंतेंनी हसू गिळून पुन्हा विचारलं. या वेळी तो माणूस निघाला. डोकं आधीच भादरलेलं होतं, आता अंगावर चीवर आलं, हातात पात्र आलं, आणि बुनलाय भिक्खू झाला. तेव्हा यापुढे आपणही त्यांना 'ते' म्हणायला हवं. बुआखामलाही म्हणावं लागलं. आदल्या दिवशीपर्यंत ज्यांना ती 'अरे म्हाताऱ्या' म्हणत होती, त्यांच्यापुढे गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावून तिला तीन वेळा वंदन करावं लागलं. तिसऱ्या वेळी मान वर केली तर भंते बुनलाय तिच्याकडे बघत होते आणि त्यांचे ओठ हसू दाबताना थरथरत होते.

आता गावाला एकच काळजी लागली. हे टिकतील का?

भिक्खूंनी वर्षावासातली प्रत्येक पहाट विहाराच्या हद्दीत उजाडलेली बघायची असते. एक पहाट बाहेर उजाडली, की वर्षावास मोडला. आणि उजाडलं की नाही हे घड्याळ ठरवत नाही. तळहात डोळ्यांसमोर धरायचा, दिवा नसताना त्यावरच्या रेषा दिसल्या, की उजाडलं. ते होईपर्यंत भिक्षेलाही निघायचं नाही. थोरल्या भंतेंच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. त्यांना भर दुपारी रेषा दिसत नसत, तरी ते रोज पहाटे सवयीने हात धरून बघत आणि मग दुसऱ्या भिक्खूंना विचारत.

भंते बुनलाय पळून जाऊ नयेत म्हणून ता खामच्या बायकांनी जे केलं, ते पहिलटकरणीचे डोहाळे पुरवतानाही कोणी करत नाही. भिक्षेच्या रांगेत नवे भंते सगळ्यांत शेवटी. पुढच्या चौघांच्या पात्रात एकेक मूठ भात पडायचा आणि शेवटच्या पात्रात भाजलेला मासा, केळीच्या पानातली मिठाई, बांबूच्या नळीत शिजवलेला नारळाचा भात. भंते काही मागू शकत नव्हते. भिक्खूने मागायचं नसतं. पण न मागता पात्राचं झाकण लागेना.

"असेच खात राहिले तर दिवाळखोर करतील आपल्याला," चानपेंग म्हणाली.

"संध्याकाळचं सकाळीच घालतेय मी," बुआखाम म्हणाली. "बारानंतर निदान वास तरी आठवू नये."

महिना गेला. भंते टिकले. अंगण झाडायला लागले, पहाटेची वंदना म्हणायला लागले. त्यांचा आवाज सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत बेसूर. आंघोळ करून आल्यावर बुआखाम जिन्याच्या पायरीवर बसून तो ऐकायची. घर फार शांत झालं होतं. भातही उरायला लागला होता. एकदा तिने रागारागाने रिकाम्या घराला विचारलं, "जाळं वाळत कोणी टाकलंय मध्येच?" आणि मग तिच्या लक्षात आलं, की ते तिनेच टाकलं होतं.

एकच तक्रार होती. भंते घोरायचे. बाकीच्या तिघांनी धीराने आठवडा काढला, मग थोरल्या भंतेंनी त्यांना नदीकाठची एकटी बांबूची कुटी दिली. ती जुनी होती, पण तिथे घोरलं तर फक्त मासे जागे होणार होते.

मग पाणी वाढायला लागलं. अश्विन पौर्णिमा, म्हणजे वर्षावासाचा शेवट, तोंडावर आली होती आणि नदी काठ सोडून विहाराच्या अंगणात, गावाच्या गल्ल्यांत शिरली. आमच्याकडे हे दर वर्षीचंच. घरं खांबांवर असतात ती त्यासाठीच. पण यंदा पाणी जिन्याच्या वरच्या पायरीला लागलं.

"बुनलाय, मंडपात झोपायला या," थोरले भंते म्हणाले.

"भंते, मी नदीतला माणूस," भंते बुनलाय म्हणाले. "पाण्याला मी ओळखतो आणि पाणी मला."

पाण्याने ओळख दाखवली. पौर्णिमेला थोडे दिवस उरले असताना, पहाटेच्या अंधारात, कुटीचे कुजलेले खांब सुटले आणि बांबूची ती कुटी तराफ्यासारखी अलगद नदीत निघाली. आत भंते घोरत होते.

बुआखाम त्या वेळी चुलीपाशी भात वाफवत होती. बाहेर मिट्ट काळोख होता. तिने घरातली ट्रंक होडीत ठेवली होती. घराचा एक खांब डुगडुगत होता आणि घर गेलं तर गेलं, कापड जाता कामा नये, असा तिचा हिशेब होता. तेवढ्यात वंदना ऐकू आली. बेसूर, मोठ्या आवाजातली. रोजच्यापेक्षा जरा लवकर, आणि भलत्याच बाजूने. नदीतून.

ती कंदील घेऊन बाहेर आली. काळ्या पाण्यावरून एक गवताचं छप्पर चाललं होतं. कुटीच्या दारात, गुडघे छातीशी घेऊन, भंते बुनलाय बसले होते आणि घाईघाईने मंत्र म्हणत होते.

"अगं बुआ..." त्यांनी कंदील बघितला आणि लगेच सावरून घेतलं. "उपासिके! ओ उपासिके!"

"भिक्षेला आज होडीतून का?" तिच्या तोंडून गेलं, आणि पुढच्या क्षणी तिने प्रवाहाकडे बघितलं. कुटी पाक हुआयच्या दिशेने चालली होती. उजाडायच्या आत ती परत आली नाही, तर वर्षावास मोडला. तीन महिन्यांचं सगळं पाण्यात.

तिने दोर सोडायला वेळ घालवला नाही. कोयत्याने कापला, होडीत उडी मारली आणि वल्हं मारत सुटली. "चानपेंग!" ती किंचाळली. "उठव सगळ्यांना! भंते वाहून चालले!"

घाटाजवळचं चिंचेचं मोठं झाड पाण्यात अर्ध्यापर्यंत उभं होतं. त्याच्या अलीकडे तिने कुटीला गाठलं. आता कुटी झाडाला बांधायची. दोर? दोराचा एक तुकडा घराच्या जिन्याला लोंबत होता, दुसरा होडीच्या नाकाला, हातभर लांबीचा.

"काय करतेयस तिथे?" भंते ओरडले.

"तुम्ही सांगा ना, वाचव म्हणून!"

"भिक्खूला मागता येत नाही!"

"बुडताना पण?"

"ते विचारायचं राहिलं भंतेंना!"

बुआखामने ट्रंकेकडे बघितलं. फार वेळ बघितलं नाही, कारण वेळच नव्हता. पण तेवढ्यात परसातला कापूस, मागावर बसलेले उन्हाळे, डांबरगोळ्यांचा वास, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं. मग तिने झाकण उघडलं, पांढऱ्या कापडाचं एक टोक काढून त्याला गाठ मारली आणि होडी झाडाला टेकताच दुसरं टोक बुंध्याभोवती दोनदा फिरवून घट्ट आवळलं.

"धरा!"

आणि भंतेंनी काय करावं? बाईच्या हातून भिक्खू थेट काही घेत नाही. आधी समोर कापड पसरतो, बाई त्यावर वस्तू ठेवते, मग तो उचलतो. भंते बुनलाय वाहत्या कुटीच्या दारात खाली वाकून ते घ्यायचं कापड शोधत होते.

"अरे म्हाताऱ्या, धर की!" बुआखाम किंचाळली. तीन महिन्यांचा संयम एका दमात संपला.

"थांब, पसरतोय!"

त्यांनी पसरलं. कंदिलाच्या उजेडात तो हातरुमालाएवढा पिवळा चौकोन दिसला. तिने नेम धरून गाठ फेकली. ती बरोबर त्यावर पडली. भंतेंनी ती उचलली, कुटीच्या आढ्याला गुंडाळली, कापड ताणलं गेलं, करकरलं, कुठेतरी फाटल्याचा आवाज आला, आणि कुटी थांबली. घट्ट विणीचं कापड ते. बुआखामने विणलेलं.

तोवर गावात थाळ्या वाजायला लागल्या होत्या. शर्यतीची लांब होडी घाटालाच बांधलेली होती. दर वर्षी पाक हुआयकडून हरणारे ते वल्हेकरी अर्धे झोपेत, कोणी उलटा शर्ट घालून, तिच्यात चढले. सरपंच उथाय पुढे उभा राहून ताल देत होता. कुटी होडीला बांधली, झाडाला बांधलेली गाठ सोडली, आणि प्रवाहाच्या उलट त्यांनी जे वल्ही मारली, तशी शर्यतीत एकदा जरी मारली असती तर ढाल केव्हाच ता खामला आली असती. मागून चानपेंग आणि बायकांच्या होड्या. कोंबडे आरवायला लागले होते.

"त्या कोंबड्यांना कोणी तरी गप्प करा रे!" सरपंच ओरडला.

विहाराची कमान पाण्यात उभी होती. कुटी तिच्याखालून आत आली तेव्हा थोरले भंते मंडपाच्या पायरीवर, घोटाभर पाण्यात, काठी टेकून उभे होते. मागे बाकीचे तिघे भिक्खू. कोणी हुश्श केलं नाही. आकाशाचा काळा रंग जरा पातळ झाल्यासारखा वाटत होता, पण ते नक्की कोण सांगणार?

"दिवे विझवा," थोरले भंते म्हणाले.

कंदील विझले.

"माझ्या डोळ्यांना विचारू नका," थोरले भंते म्हणाले. "ज्याचा वर्षावास, त्याने सांगायचं. बुनलाय, हात बघ. रेषा दिसतात?"

भंते बुनलाय कुटीच्या दारात उभे राहिले. तळहात डोळ्यांसमोर धरला. सगळं गाव श्वास रोखून होतं. बराच वेळ झाला.

"नाही दिसत, भंते," ते म्हणाले. लोक आनंदाने ओरडणार तेवढ्यात ते घाईने पुढे म्हणाले, "पण माझं ऐकू नका. वीतभर मासा हातभर सांगण्यात माझा जन्म गेला. आज मला चीवरदान व्हायला हवंय, फार हवंय. मला दिसत नाहीत, की दिसायला नको आहेत, हे माझं मलाच कळेना. दुसऱ्या कोणाला तरी विचारा."

असं बोलणं त्यांच्या तोंडून कोणी कधी ऐकलं नव्हतं. थोरले भंते होड्यांच्या बाजूला वळले.

"उपासिके बुआखाम," ते म्हणाले. "या माणसाची थाप तुझ्याइतकी कोणी ऐकली नसेल. हा खरं बोलतोय का?"

'हो' म्हणायला किती सोपं होतं! एक शब्द, आणि पाक हुआयच्या बायका मागच्या रांगेत. पण ज्या माणसाने आताच एवढं खरं सांगितलं, त्याच्यासाठी खोटं कसं बोलायचं? तिने होडी पुढे घेतली, मान लांब केली, डोळे ताणले. ती डावी भिवई शोधत होती. वर आहे का, खाली आहे? तिने डोळे चोळले. पुन्हा बघितलं. तिला रडूच फुटलं.

"भंते, मी काय सांगू? त्यांची भिवई दिसतच नाहीये हो मला! तोंडच दिसत नाहीये!"

मग चानपेंगचा आवाज आला.

"अगं, मग अंधारच आहे ना!"

थोरले भंते हसायला लागले. त्यांचं ते बोळकं हसू आधी खोकल्यासारखं वाटलं, मग तिघे भिक्खू हसले, आणि मग सगळं गाव. लोक होड्यांत नाचले. एक होडी उलटली आणि त्यातले लोक पाण्यात उभे राहून हसत राहिले. बऱ्याच वेळाने, हसून हसून दमल्यावर, तिघांतल्या एका भिक्खूने तळहात वर धरला आणि म्हणाला, "भंते, आता दिसतायत." पूर्वेला खरोखरच पांढरं झालं होतं, आणि भंते बुनलाय हद्दीत उभे होते.

तेव्हा कुठे बुआखामला कापडाची आठवण झाली. ते कुटीच्या आढ्याला लोंबत होतं. चिखलाने काळं, चिंचेच्या सालीने घासलेलं, एका कडेला हातभर फाटलेलं. आणि एक भलतीच शंका तिच्या मनात आली. ते तर भंतेंनी कापड पसरून रीतसर घेतलं. म्हणजे त्यांना दान झालं? मग संघाला द्यायला काय उरलं?

तिने ते विचारलं तेव्हा थोरले भंते म्हणाले, "फेकताना तुझ्या मनात काय होतं? दान?"

"दान कसलं भंते? दोर म्हणून फेकलं. मनात तर शिव्या होत्या."

"मग दोर होता. तुझा आहे, तू घेऊन जा."

"पण हे असं मळकं..."

"पूर्वी भिक्खू उकिरड्यावरच्या चिंध्या शिवून नेसायचे, उपासिके. त्यांच्या मानाने हे नवंकोरं आहे." मग ते वळले. "आणि बुनलाय, बुडताना मागता येतं."

चीवरदानाच्या दिवशी पाऊस नव्हता. ढोल, बासरी, फुलांची झाडं, आणि नदीपलीकडून होड्या भरून पाक हुआयचे लोक. बुआखाम कमानीत उभी होती. इतकी वर्षं तिने एक वाक्य घोकून ठेवलं होतं. पाक हुआयच्या बायका पायऱ्या चढून आल्या, घामेजलेल्या, हातात फुलं, जरा बिचकलेल्या. तिने तोंड उघडलं.

"या बाई या," ती म्हणाली. "पुढे बसा. पुढे जागा ठेवलीय."

चानपेंगने कपाळावर हात मारला. पण बुआखामला त्या दिवशी दुसरं काही बोलताच आलं नाही. आनंद इतका झाला होता, की कोणाला टोचायला मनात जागा नव्हती.

कापड धुतलं होतं, पण चिखलाचा डाग गेला नव्हता. भिक्खूंनी ते त्याच दिवशी कापलं, शिवलं, फणसाच्या लाकडाच्या रंगात रंगवलं, आणि ते संघाने थोरल्या भंतेंना दिलं, कारण त्यांचं चीवर सगळ्यांत जीर्ण होतं. दुसऱ्या दिवसापासून ते भिक्षेला निघाले की डाव्या खांद्यावर गडद डाग दिसायचा. बुआखाम गुडघे टेकून भात वाढताना रोज तो बघायची. तिला तो फार आवडला.

काही दिवसांनी भंते बुनलाय यांनी चीवर उतरवलं. म्हणजे आता पुन्हा 'तो'. बुनलाय संध्याकाळी घरी आला, डोक्यावर काट्यांसारखे केस, अंगात जुना शर्ट. बुआखामने दिवसभर भांडायची तयारी केली होती, पण विषयच सापडेना.

तिने चिकट भाताची टोपली खाली ठेवली. भाजलेला मासा ठेवला. ठेचा ठेवला. बुनलाय बसला. आता हात टोपलीत जाणार, म्हणून तिने तोंडात शिवी तयार ठेवली.

हात गेला नाही. तो मांडीवर हात ठेवून बसून राहिला. तिला आधी कळेना. मग कळलं. तो वाट बघत होता, कोणी तरी देण्याची.

"खा की," ती म्हणाली.

तो हलला नाही. खजील होऊन हसला. "सवय लागली गं," तो म्हणाला. "न दिलेलं घ्यायला हातच जात नाही."

बुआखामने टोपली दोन्ही हातांनी उचलली. समोर कापड नव्हतं. तिने ती त्याच्या हातात दिली आणि देताना तिची बोटं त्याच्या बोटांना लागली. तीन महिन्यांनंतर. दोघांनीही टोपली लगेच सोडली नाही.

"घे," ती म्हणाली. "खा म्हाताऱ्या, गार होतंय."